वाट न पाहणारे औषध आणि होमी भाभा

औषधांच्या दुकानातल्या बहुतेक गोळ्यांवर दोन-तीन वर्षांपुढची तारीख छापलेली असते. तोवर गोळी कपाटात पडून राहिली तरी तिचा गुण फारसा कमी होत नाही. एक औषध मात्र असे आहे की ते तयार झाल्या क्षणापासून संपायला लागते. ८ दिवसांत निम्मे, १६ दिवसांत चार आणे, २४ दिवसांत दोन आणे. फ्रिजमध्ये ठेवा, अंधारात ठेवा, डबा घट्ट लावा. काही उपयोग नाही. थायरॉईडचा अतिस्राव आणि थायरॉईडचे काही कर्करोग यांवर दिले जाणारे आयोडीन-१३१ हे ते औषध.

हे औषध आज आपल्याच देशात, तेही महाराष्ट्रात, तयार होते. त्यामागे ज्यांची दृष्टी होती ते डॉक्टर नव्हते. डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव घेतले की आपल्याला अणुऊर्जा आठवते, अणुबॉम्ब आठवतो आणि आल्प्स पर्वतातला विमान अपघात आठवतो. आज त्यांच्या आयुष्याकडे जरा वेगळ्या बाजूने, दवाखान्याच्या दारातून पाहू.

घर, टाटा आणि केंब्रिज

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर बॅरिस्टर होते. घरात पुस्तके भरपूर आणि पाश्चात्त्य संगीताची आवड. आत्या मेहरबाई यांचा विवाह जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांच्याशी झालेला. मुंबईत कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण झाल्यावर १९२७ मध्ये त्यांना केंब्रिजला पाठवले गेले. बेत साधा होता. मुलाने मेकॅनिकल इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे.

मुलाचे मन मात्र गणित आणि पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत होते. त्याबद्दल त्यांनी वडिलांना कळकळीने लिहिले. वडिलांनी अट घातली की आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग आणावा, मग हवे ते शिकावे. १९३० मध्ये भाभांनी ती अट पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणिताची परीक्षाही पहिल्या वर्गात पार केली.

याच काळात घरावर आघात झाला. १९३१ मध्ये आत्या मेहरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पाठोपाठ १९३२ मध्ये दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने पुढे परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. ते १९४१ मध्ये सुरू झाले. या ट्रस्टचे आणि या रुग्णालयाचे नाव लक्षात ठेवा. भाभांच्या गोष्टीत दोन्ही पुन्हा येणार आहेत.

जादा न्यूट्रॉनचे ओझे

१९३२ हे वर्ष पदार्थविज्ञानात मोठे गाजले. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधून काढला. तरुण भाभा तेव्हा त्याच वातावरणात वावरत होते. अणूच्या केंद्रकात धन भाराचे प्रोटॉन असतात आणि भार नसलेले न्यूट्रॉनही असतात, हे आता स्पष्ट झाले.

आपल्या मिठातल्या आयोडीनचेच उदाहरण घेऊ. त्याच्या केंद्रकात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन असतात, बेरीज १२७. हे आयोडीन स्थिर असते. त्यात आणखी ४ न्यूट्रॉन घातले की होते आयोडीन-१३१. दोन्ही आयोडीनच, आपल्या थायरॉईड ग्रंथीला त्यांतला फरक कळत नाही आणि ती दोन्ही सारख्याच हावरेपणाने शोषून घेते. अशा जुळ्या भावंडांना समस्थानिक म्हणतात. फरक असतो तो केंद्रकाच्या स्वास्थ्यात. जादा न्यूट्रॉनचे ओझे केंद्रकाला पेलत नाही. मग एखादा न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलतो आणि एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर फेकला जातो. त्यालाच बीटा कण म्हणतात. यालाच शास्त्रज्ञ क्षय म्हणतात. आमच्या टीबीशी या शब्दाचा संबंध नाही.

ओझे जितके जास्त, तितका धीर कमी. आयोडीन-१३१ निम्मे व्हायला ८ दिवस लागतात. त्यात २ न्यूट्रॉन वाढले की आयोडीन-१३३, त्याला सुमारे २१ तास. आयोडीन-१३५ ला साडेसहा तास. आयोडीन-१३७ तर सुमारे २४ सेकंदांत निम्मे होते. या निम्मे होण्याच्या वेळेला अर्धायुकाल म्हणतात.

बीटा कण गेल्यावर आयोडीनचे झेनॉन होते. पण हे नवजात केंद्रक बहुधा अस्वस्थ असते. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे असावे तसे. खाली उतरताना ते गॅमा किरण सोडते आणि त्या किरणाची ऊर्जा दोन पायऱ्यांमधल्या उंचीइतकी असते. आयोडीन-१३१ मधून निघणारा मुख्य गॅमा किरण ३६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा असतो, दर वेळी अगदी तेवढाच. प्रत्येक केंद्रकाचा जिना वेगळा असतो. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या किरणांची ऊर्जा मोजली, कोणता किरण कोणत्या किरणामागोमाग आला ते पाहिले, की कोणालाही न दिसणाऱ्या त्या केंद्रकाची आतली रचना कागदावर मांडता येते. या पद्धतीला क्षय-वर्णपटशास्त्र म्हणतात.

डॉक्टरच्या दृष्टीने हा वर्णपट म्हणजे औषधाच्या खोक्यातले माहितीपत्रकच. आयोडीन-१३१ चे बीटा कण शरीरात जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात, म्हणून ते थायरॉईडच्या पेशी जाळतात आणि त्यापलीकडच्या अवयवांना फारसा धक्का लागत नाही. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात, म्हणून औषध कुठे जाऊन बसले ते कॅमेऱ्यात दिसते. एकच पदार्थ उपचारही करतो आणि स्वतःचा ठावठिकाणाही सांगतो. किती द्यायचे, रुग्णाला किती दिवस वेगळे ठेवायचे, हे सगळे या मोजमापांवरून ठरते.

युद्धामुळे अडकले, पण रमले

भाभा १९३२ नंतर झुरिचला वुल्फगांग पाउली आणि रोमला एन्रिको फर्मी यांच्याकडे जाऊन आले. फर्मींनी बीटा क्षयाचा सिद्धांत मांडला तो याच सुमारास. भाभांचे स्वतःचे काम मूलकणांवर होते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर कशी होते याचे गणित त्यांनी मांडले. ते आजही भाभा स्कॅटरिंग म्हणून जगभर ओळखले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. १९३८ मध्ये त्यांनी एक सुंदर कल्पना मांडली. अस्थिर कणाचा क्षय हे एक घड्याळच आहे. तो कण प्रकाशाच्या वेगाजवळ धावत असेल तर आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार त्याचे घड्याळ हळू चालेल आणि तो आपल्याला जास्त काळ जगलेला दिसेल. पुढे प्रयोगांनी हे खरे ठरवले.

१९३९ मध्ये ते सुटीवर भारतात आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना जागा मिळाली, तिथे सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. युद्ध संपल्यावर परदेशातल्या कोणत्याही चांगल्या विद्यापीठाने त्यांना आनंदाने बोलावले असते.

पण या पाच-सहा वर्षांत त्यांचा विचार पालटला होता. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याची विनंती केली. अणुऊर्जा प्रत्यक्षात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर बघावे लागू नये, ते घरातच तयार असावेत, असा त्या पत्राचा रोख होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता. ट्रस्टने होकार दिला. जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली आणि वर्षअखेर मुंबईला पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली.

या संस्थेत केंद्रकांच्या क्षयाचा अभ्यास करणारा गट बी. व्ही. थोसर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. बीटा कण आणि गॅमा किरण मोजून केंद्रकांचे जिने आखण्याचे काम मुंबईत सुरू झाले. त्यासाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे शक्यतो इथेच बनवायची, हा भाभांचा आग्रह होता. त्याच कामातून १९६७ मध्ये हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली.

अप्सरेचे पाणी

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, अणुऊर्जा केंद्र सुरू झाले. १९५५ मध्ये अणूच्या शांततामय उपयोगांवरची पहिली जागतिक परिषद जिनिव्हात भरली, तिचे अध्यक्षपद भाभांकडे होते.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेची पहिली अणुभट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनचे, बाकी आराखडा आणि बांधणी आपली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ही पहिली अणुभट्टी. पाण्याच्या खोल टाकीत बुडवलेल्या या भट्टीतून निळसर प्रकाश दिसत असे. पंडित नेहरूंनी तिचे नाव ठेवले अप्सरा.

१ मेगावॅटच्या या भट्टीतून वीज तयार होत नव्हती. तिचे पीक होते न्यूट्रॉन. साधा पदार्थ त्या न्यूट्रॉनच्या वर्षावात ठेवला की त्याच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन जादा शिरतो. टेल्युरियम नावाचा पदार्थ असा ठेवला की त्यातून क्षय होत होत आयोडीन-१३१ मिळते. फॉस्फरसचे, कोबाल्टचे न्यूट्रॉनसमृद्ध समस्थानिकही अणुभट्टीतच बनतात.

इथे ८ दिवसांचा हिशेब पुन्हा आठवा. समजा औषध परदेशातून विमानाने यायचे, मुंबईत कस्टममधून सुटायचे आणि मग रुग्णालयात पोहोचायचे. यात ८ दिवस गेले तर निम्मे औषध वाटेतच गेले. पैसे मात्र पूर्ण मोजायचे. धान्याचा साठा करता येतो, पेनिसिलिनचा करता येतो. अशा पदार्थाचा करता येत नाही. ज्या देशाला तो स्वतः बनवता येत नाही, त्या देशातले रुग्ण कायम उरल्यासुरल्या औषधावर राहणार. स्वयंपूर्णता हा शब्द भाषणांत आपण पुष्कळ ऐकतो. किरणोत्सर्गी औषधांच्या बाबतीत तो निव्वळ गणिताचा भाग आहे आणि भाभांना हे गणित कोणी शिकवायला नको होते.

१९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॅटची सायरस भट्टी आली आणि समस्थानिकांचे उत्पादन वाढले. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय भाभांच्या अणुऊर्जा खात्याकडे सोपवण्यात आले. आत्याच्या मृत्यूनंतर ज्या ट्रस्टने ते उभे केले, त्याच ट्रस्टच्या पैशांतून भाभांची संस्था निघाली होती. आता दोन्ही एका छताखाली आली. १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. थायरॉईडच्या रुग्णांसाठी ते देशभर ओळखले जाते. भट्टी ट्रॉम्बेला, रुग्ण परळला. मधले अंतर काही तासांचे.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या सायरसने औषधे दिली, तिच्यातच तयार झालेले प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केल्यावर भाभांनीही आकाशवाणीवरून अण्वस्त्रांच्या धाक घालण्याच्या क्षमतेबद्दल आणि त्यांच्या खर्चाबद्दल बोलून या प्रश्नाला हात घातला होता. त्याबद्दल मतभेद तेव्हाही होते, आजही आहेत. एकाच भट्टीतून काय काढायचे हे भट्टी ठरवत नाही, माणसे ठरवतात.

२४ जानेवारी १९६६

भाभा अविवाहित होते. चित्रे काढत, संगीतात रमत, झाडांवर आणि बागांवर त्यांचा जीव. कुलाब्याच्या संस्थेतल्या भिंतींवर त्यांनी आधुनिक भारतीय चित्रकारांची चित्रे लावली. २४ जानेवारी १९६६ रोजी ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग विमान माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातले सर्व ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. अप्सरा चालू होऊन जेमतेम साडेनऊ वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. तेच आपले भाभा अणुसंशोधन केंद्र.

नंतर ध्रुव अणुभट्टी आली, समस्थानिके पुरवणारी ब्रिट ही संस्था नवी मुंबईत वाशीला उभी राहिली. कोबाल्ट-६० चे किरण देऊन कर्करोगावर उपचार करणारे देशी यंत्र भाभा केंद्राने बनवले, त्याचे नावच भाभाट्रॉन. कोबाल्ट-६० चे निकेल होताना ते केंद्रक दोन पायऱ्या उतरते. १,१७३ आणि १,३३२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण देते. रुग्णाच्या गाठीवर पडतात ते हेच. पायऱ्यांचा अभ्यासही थांबलेला नाही. मुंबईच्या पेलेट्रॉन प्रवेगकावर आणि कोलकात्याला आजही केंद्रकांचे गॅमा किरण मोजले जातात. आयोडीन-१३५ मध्ये ८२ न्यूट्रॉन असतात आणि ८२ हा केंद्रकांच्या जगातला एक जादूई अंक आहे. तिथे न्यूट्रॉनचे कवच पूर्ण भरते. त्यापलीकडची अल्पायुषी केंद्रके समजली तर ताऱ्यांच्या महाउत्पातांत सोने आणि आयोडीन कसे घडले ते समजते. आपल्या मिठातले बहुतेक आयोडीन तशाच न्यूट्रॉनच्या मुसळधार पावसात तयार झालेले आहे.

यवतमाळपासूनचे अंतर

आता आपल्याकडे येऊ. वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा अशा ठिकाणांहून येणाऱ्या थायरॉईडच्या रुग्णाला रेडिओ-आयोडीन घ्यायला सांगितले की घरात दोन प्रश्न उठतात. ते इथे का मिळत नाही, आणि अणूचे औषध घेतल्यावर माणूस कायमचा धोकादायक होतो का?

पहिल्याचे उत्तर असे. औषधाची कॅप्सूल लहान असली तरी तिच्यासाठी लागणारी व्यवस्था मोठी आहे. जास्त मात्रा घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णासाठी खास खोली लागते. रुग्णाच्या लघवीतून आयोडीन बाहेर पडते, म्हणून ते सांडपाणी वेगळ्या टाक्यांत बरेच दिवस साठवून मगच सोडावे लागते. प्रशिक्षित तज्ज्ञ आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. म्हणून अजून तरी नागपूर-मुंबईची वाट धरावी लागते. अणुभट्टीपासून परळपर्यंतचे अंतर भाभांच्या पिढीने मिटवले. परळपासून आपल्या तालुक्यांपर्यंतचे अंतर मिटवण्याचे काम आपल्या पिढीकडे बाकी आहे, आणि त्याला आता अणुशास्त्रज्ञ नकोत. इमारत, मनुष्यबळ आणि सरकारी मंजुरी हवी.

दुसऱ्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. जो अर्धायुकाल औषध टिकू देत नाही, तोच रुग्णाला मोकळे करतो. ८० दिवसांत आयोडीन-१३१ हजारात एक भाग एवढेच उरते, आणि शरीरातले तर लघवीवाटे त्याआधीच बरेच निघून जाते. तोवर डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर ठेवायचे, भरपूर पाणी प्यायचे, संडास-बाथरूमची स्वच्छता पाळायची. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे औषध देत नाहीत. घेतल्यावर साधारण सहा महिने दिवस राहू देऊ नयेत. मासिक पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, लाजू नये.

आणि एक विनंती. मिळालेली तारीख कापूस वेचणीसाठी, लग्नकार्यासाठी किंवा गाडी चुकली म्हणून परस्पर पुढे ढकलू नका. अडचण असेल तर केंद्राला आधी कळवा. तुमची मात्रा त्या दिवसाचा हिशेब करून मागवलेली असते. दुसऱ्या कोणत्याही गोळीसारखी ती कपाटात तुमची वाट पाहत बसत नाही. तुम्ही घरी असताना ती तिकडे संपत असते.